मघाशी खाडी होती

(नारपोली. लूमच्या शेडला चिकटून असलेली पत्र्याची खोली. दुपार.)

बायजाबाई: तसं न्हाय. तोंडातल्या तोंडात नको. मोठ्यानं वाच.

तुळजा: या खडखडाटात ऐकू येईल का तुला, मावशी?

बायजाबाई: अगो, भिंतीपल्याड आठ लूम हायेत. हितं सुताच्या कांड्या भरता भरता मी सांगते, कितव्या लूमचा धागा तुटला ते. तुझं वाचन न्हाय ऐकू येनार? बाळाला मांडीवर घे आन् नीट बैस. पानी देऊ?

तुळजा: नको, मानकोलीच्या नाक्यावर प्याले. हा कागद कुठला? घड्या घालून घालून फाटायला आलाय.

बायजाबाई: देवाच्या पाटाखाली असतो. मुंबईचा पेपर हाय, रविवारचा. मधी माझा फोटो, बघितलास? चांगदेवनं आनला. माझा भाचा गो, बाजूच्या शेडात लूम चालवतो तो. त्या पेपरवाल्याला बी त्यानंच हितं आनला होता. म्हनला, आत्या, पेपरात नाव आलं की सरकार म्हाताऱ्या कलावंताला महिन्याचं मानधन देतं.

तुळजा: मग चांगदेवभाऊंनी वाचून नाही दाखवलं?

बायजाबाई: लई चांगलं लिवलंय म्हनला, आन् ड्युटीला पळाला. रोज इचारते, रोज ड्युटी. आठ दिस झाले. मी गिरनीवाल्याला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, नाक्यावरच्या शिंप्याला दाखवला. बघायचे आन् गप बसायचे. मना वाटलं, भारावले. मग तू आयलीस. म्हनलं, देवानंच धाडली. तू सातवी शिकलेली.

तुळजा: लक्षात आहे तुझ्या?

बायजाबाई: तुझ्या हळदीला धवले मीच गायले ना? तुझा बाप कानाशी येऊन बोलला, पोरगी सातवी पास हाय, धवल्यात घाल. घातलं.

तुळजा: घातलंस. बायका हसल्या. मी मुंडावळ्यांच्या आत लाजून चूर झाले. पण मावशी, खरं सांगू, नंतर घरात किती बोलणी खाल्ली, तरी ती ओळ आठवली की मान वर व्हायची.

बायजाबाई: मग आता वाच.

तुळजा: हं.

बायजाबाई: काय झालं?

तुळजा: अक्षर बारीक आहे. थांब. "भिवंडी तालुक्याच्या ज्येष्ठ गायिका बायजाबाई यांना आमच्या प्रतिनिधीने नुकतीच भेट दिली. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या धवल्यांच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या. आज त्यांचे वय झाले, पण आवाज म्हातारा झाला नाही. त्या गाऊ लागल्या की खाडीला भरती यावी तसा ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. ज्या मांडवात त्या गात नाहीत, त्या मांडवातली हळद पिवळी होत नाही."

बायजाबाई: असं लिवलंय?

तुळजा: हो.

बायजाबाई: हळद पिवळी होत न्हाय. मुंबईच्या मानसाला हे सुचलं?

तुळजा: शिकलेला असणार.

बायजाबाई: शिकलेला होताच. चष्मा होता. बूट बाहेर काढून आत आयला. बरा होता पोर. पुन्यांदा वाच.

तुळजा: परत? बाळ चुळबुळ करतंय बघ.

बायजाबाई: आन इकडं, मी थोपटते. वाच.

तुळजा: "भिवंडी तालुक्याच्या ज्येष्ठ गायिका बायजाबाई यांची आमच्या प्रतिनिधीने नुकतीच भेट घेतली. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या धवल्यांच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या. आज त्यांचे वय झाले, पण आवाज तरुण आहे. त्या गाऊ लागल्या की समुद्राला भरती यावी..."

बायजाबाई: थांब. मघाशी खाडी होती.

तुळजा: काय?

बायजाबाई: मघाशी खाडीला भरती आयली होती. आता समुद्राला आयली. मघाशी 'भेट दिली', आता 'भेट घेतली'. मघाशी 'आवाज म्हातारा झाला नाही', आता 'आवाज तरुण आहे'. कागदावरचं पानी असं हलतं का गो?

तुळजा: माझी नजर चुकली असेल.

बायजाबाई: नजर न्हाय चुकत. मना अक्षर येत न्हाय, पन एवढं ठाव हाय, लिवलेलं दरवेळी तसंच येतं. त्याच्यासाठीच तर लोक लिवतात. आमच्यासारखीला सगळं तोंडात ठेवायला लागतं. मांडवाच्या मेढीपासून वरातीपर्यंतचे धवले माझ्या आईनं मना दिले, तिला तिच्या आईनं. एक शब्द इकडचा तिकडं गेला तर आय पाटावरनं उठवायची. म्हनायची, चल, पहिल्यापासून. चौदा वरसं अशी गेली. तू वाचत न्हवतीस, पोरी. तू मनानं सांगत व्हतीस.

तुळजा: मावशी...

बायजाबाई: रडू नको, बाळ दचकंल. आता हाय ते वाच.

तुळजा: नको ऐकूस.

बायजाबाई: त्या कागदावर मी आठ दिस फूल वाहिलंय. काय पुजलं, ते मना कळायला नको?

तुळजा: तू एकदा ऐकलंस की तुझ्यातून ते जात नाही ना?

बायजाबाई: न्हाय जात.

तुळजा: मग हेही जाणार नाही. जन्मभर.

बायजाबाई: जन्म किती उरलाय माझा? वाच.

तुळजा: वर मोठं अक्षर आहे. "पदर पसरते तेव्हा चूल पेटते!" मग खाली: "जिच्या तबकड्यांनी एके काळी गावोगावचे मांडव दुमदुमले, ती बायजाबाई आज भिवंडीच्या एका गल्लीत सुताच्या कांड्या भरते आणि पदर पसरून पोट भरते. पाच घरचे तांदूळ पदरात पडावेत, तेव्हा हिच्या मुखी घास जातो. गळके छप्पर, एक जर्मनचे पातेले आणि डोळ्यांत हरवलेपण, हीच तिची आजची इस्टेट. पैसा आला तेव्हा तो राखता आला नाही, उधळला गेला, असे कळते. कलेची हीच का किंमत, असा प्रश्न आमच्या प्रतिनिधीला पडला."

बायजाबाई: आन् फोटोखाली?

तुळजा: फोटोखाली नाही काही.

बायजाबाई: दोन ओळी हायेत. मना काळं दिसतंय.

तुळजा: "भिक्षेसाठी पसरलेला एके काळचा भरजरी पदर."

बायजाबाई: भरजरी कधीच न्हवता. सुती होता. हाच.

तुळजा: कागद घडी घालून ठेवते, मावशी. पाणी देऊ तुला?

बायजाबाई: छप्पर गळतं, ते खरं. पातेली दोन हायेत, दुसऱ्यात त्याला चा करून दिली, ते इसरला. डोळ्यात हरवलेपन म्हनजे मोतीबिंदू असंल. सरकारी डाक्टर बी तसंच काय बोलला होता.

तुळजा: हसू नकोस गं.

बायजाबाई: आन् पैसा उधळला. तबकड्यांचे एकशेवीस रुपये मिळाले होते, वर एक लुगडं. ते चंद्राच्या इंजेक्शनांना गेले. माझ्या लेकीच्या. मग पाटल्या गेल्या, मग शेताचा तुकडा. मुंबईचं इंजेक्शन होतं, क्षयाचं. एक टोचलं की एक गुंठा हलायचा. याला उधळनं म्हनतात, ते मना ठाव न्हवतं.

चांगदेव: आत्या, चाय है क्या? लाईट गेली, शेड बंद... अरे, तुळजावहिनी. तुम्ही कधी आलात?

बायजाबाई: ये, चांगदेव. बैस. तुळजानं वाचून दाखवलं.

चांगदेव: सगळं?

बायजाबाई: पार खालच्या दोन ओळींपर्यंत.

चांगदेव: कशाला वाचलं, वहिनी? मी आठ दिवस तोंड चुकवत फिरलो, ते काय फुकट?

तुळजा: मला तरी कुठं वाचायचं होतं? खोटं वाचलं. दोन वेळा. पकडलं त्यांनी.

चांगदेव: पकडणारच. एकदा शेठनं पगाराच्या वेळी तारखा फिरवल्या, तर हिनं गेल्या दिवाळीपासूनच्या कांड्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या. शेठ बोलला, बुढिया नहीं, बहीखाता है. आत्या, माझी कसम, मला वाटलं तो चांगलं लिहील. त्यानं विचारलं, तुम्ही जेवता काय? तू बोललीस, पाच घरचे तांदूळ, दुसरं अन्न मी लग्नसराईत शिवत नाही. तू किती ऐटीत बोललीस! मी पण ऐटीत मान हलवली. मग तो बोलला, तांदूळ कसे घेता, दाखवा. तांदूळ मी ओतले. हा फोटोत हात दिसतो ना, पंज्यावर सुताचा काप? माझा हात आहे. तोंड कापलं त्यांनी, हात ठेवला.

तुळजा: म्हणजे त्याला कोणी सांगितलंच नाही?

चांगदेव: काय सांगायचं? आपल्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लग्नाच्या आधी पाच सवाष्णी सूप घेऊन धवलारणीच्या दारात येतात, एकेक मूठ तिच्या पदरात घालतात. त्याच्याशिवाय ती तोंड उघडत नाही, आणि तिनं तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नाही. भिकारी दारोदार जातो. हिच्या दारात तर लग्नघर येतं. हे काय सांगायचं असतं का? आकाश वर आहे, असं कोणी सांगतं का?

बायजाबाई: त्याला ठाव न्हवतं. मुंबईला पदर पसरला की त्याचा एकच अर्थ होत असंल.

चांगदेव: ठाऊक नव्हतं, कबूल. पण त्यानं ऐकलं होतं, आत्या! ते का नाही लिहिलं? वहिनी, त्या दिवशी काय झालं माहीत आहे? तो बोलला, थोडं गाऊन दाखवा. ही हसून बोलली, कोणी का ओतेना, तांदूळ पडलेत पदरात, आता गायला हरकत नाही. आणि लूम चालू असतानाच धरलं हिनं. मी दारात उभा. आधी आमच्या चार नंबरचा यूपीवाला थांबला. त्याला मराठीचा एक शब्द कळत नाही. मग पाच नंबर. मग सगळे. पीसवर मजुरी आमची, लूम थांबला की पैसा थांबला, तरी आठच्या आठ थांबले. शेठ शिव्या देत आला, काय झालं बघायला, आणि त्यानं स्वतः मेन बटन खाली पाडलं. आख्ख्या गल्लीत फक्त हिचा आवाज. माझ्या जन्मात मी या शेडमध्ये कबूतर फडफडलेलं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

तुळजा: देवा.

चांगदेव: तो चष्मेवाला रडला. रुमाल काढला, मी बघितलं. संपल्यावर शेठ बोलला, कोई मशीन चालू मत करो, पाँच मिनट. असं कधी बोलत नाही तो. मय्यतीलाही नाही बोलत. आणि हा माणूस इथून मुंबईला गेला आणि पातेली मोजली.

बायजाबाई: एकच मोजलं.

चांगदेव: मी जातो त्याच्या ऑफिसात. टेबल उलटं करतो.

बायजाबाई: जाऊ नको. डांबर आन आन् पत्र्याला लाव. तेवढं त्यानं खरं लिवलंय.

चांगदेव: आत्या, मला दोन शिव्या तरी दे.

बायजाबाई: लाईट आयली बघ. जा, शेठ बोंबलंल. चा येताना पी.

चांगदेव: वहिनी, उद्या कमळची हळद ना? हिला जपून न्या. नाक्यापासून टांगा करा.

तुळजा: हो.

बायजाबाई: गेला?

तुळजा: गेला.

बायजाबाई: आता तुझं बोल. उद्या नणंदेची हळद, आन् तू आज माझ्या दारात आयलीस ती सुपाशिवाय. एकटी. कडेवर पोर आन् हात मोकळा.

तुळजा: तुला आल्या आल्याच कळलं होतं?

बायजाबाई: पायरी चढलीस तवाच. तुझ्या सासूनं, जानकीबाईनं, काय सांगून धाडलंय?

तुळजा: तुझी तब्येत विचारलीये.

बायजाबाई: पेपर शेवटी वाचलास तसं वाच. मनाचं घालू नको.

तुळजा: सासूबाई म्हणाल्या, मावशीला सांग, यंदा दमू नका. नवरदेवाची माणसं ठाण्याची आहेत, त्यांनी पेपर वाचलाय. ते विचारत होते, ती फोटोतली बाई येणार का तुमच्याकडं गायला? सासूबाईंना कसंनुसं झालं. मग लाउडस्पीकर ठरवला. भोंगेवाल्याकडं धवल्याची तबकडी आहे.

बायजाबाई: कोनाची?

तुळजा: तुझीच.

बायजाबाई: माझीच.

तुळजा: मी सासूबाईंना म्हटलं, ज्या बाईचा आवाज चालतो ती बाई का चालत नाही? तर म्हणाल्या, जास्त शिकलीस.

बायजाबाई: तीन मिनिटांची तबकडी. हळद दोन घटका चालते.

तुळजा: परत परत लावतील.

बायजाबाई: आन् नाव? धवल्यात नवरीचं नाव लागतं, आईचं, आजीचं. तबकडीत कमळ न्हाय.

तुळजा: तबकडीत कोण आहे? मी कितीदा ऐकलीये, नाव नीट कळत नाही, खरखर होते तिथं.

बायजाबाई: चंद्रा.

तुळजा: तुझी चंद्रा?

बायजाबाई: कंपनीवाला बोलला, कुठलं बी नाव घाला. काचेची खोली होती, समोर तो माइकचा लोखंडी गोंडा. पोरगी घरी खाटेवर, अंगात ताप. सोळावं लागलं होतं. मना दुसरं नाव सुचलंच न्हाय. म्हनलं, बरी झाली की तिच्या खऱ्या हळदीला हेच गाईन. तबकडी गावात आयली तवा ती न्हवती.

तुळजा: मावशी गं.

बायजाबाई: मी त्याचं दुख न्हाय केलं. वीस वरसं झाली, कुठल्या ना कुठल्या मांडवात भोंगा लागतो आन् माझ्या चंद्राला हळद लागते. कल्यानला लागली, पनवेलला लागली. पार बोर्डीला लागली म्हनतात. इतक्यांदा कुठल्या राजाच्या लेकीला लागली असंल?

तुळजा: थांब. हे मी सासूबाईंना सांगते. कमळच्या पाटावर वारलेल्या मुलीच्या नावाची हळद! ऐकून धावत येतील तुला न्यायला.

बायजाबाई: सांगशील तर मी दार लावीन. भिऊन बोलावलेलं मना नको. आन् माझ्या लेकीला कोनी अशुभ म्हनायचं न्हाय.

तुळजा: चुकलं.

बायजाबाई: जा आता. उन्हं उतरली. सासूला सांग, बायजा समजली.

तुळजा: मावशी, पाच मुठी सासूच्याच असाव्या लागतात का?

बायजाबाई: सवाष्णींच्या लागतात. लग्नघरच्या न्हायतर भावकीतल्या. सासूचं नाव कुठं हाय त्यात?

तुळजा: मी सवाष्ण आहे. लग्नघरची आहे.

बायजाबाई: सूप कुठं हाय तुझ्याकडं?

तुळजा: तुझं आहे ना ते, कोपऱ्यात. आणि तांदूळ माझ्याकडं आहेत. बाळाच्या पेजेला बांधून घेतले होते, मूठभरच. बाळ आज माझ्या दुधावर भागवेल. पदर धर, मावशी.

बायजाबाई: अगो, सासू घरात घेईल का तुना?

तुळजा: घेईल. शिव्या देईल आणि घेईल. दुसरी मूठ आमच्या भावकीतल्या काशीकाकूची, तिच्या हळदीला तू गायलीस म्हणून ती अजून सांगते सगळ्यांना. तिसरी भावकीतल्याच महादूच्या बायकोची. दोन मी रात्रीच्या आत मिळवते. गावात जिच्या हळदीला तू गायली नाहीस अशी बाई शोधावी लागेल. पाच मुठी पडल्यावर धवलारीण परत धाडायची कोणाची छाती आहे? आणि ठाण्याच्या लोकांनी पेपरच वाचलाय. तुला कुठं ऐकलंय अजून?

बायजाबाई: थांबलीस का गो?

तुळजा: थांबणारच. माझ्या हळदीचे तांदूळ याच पदरात पडले होते. धर ना.

बायजाबाई: घाल.

तुळजा: पडले?

बायजाबाई: पडले. दोन दाने भुईवर सांडले, ते उचल. सांडू देत न्हायत.

तुळजा: मावशी, एक विचारू? ते खरं वाचलेलं आता राहणारच ना तुझ्यात?

बायजाबाई: ऱ्हाईल. एका कोपऱ्यात. पन तुझं बी ऱ्हाईल की. तेबी एकदा ऐकलंय.

तुळजा: माझं तर खोटं होतं.

बायजाबाई: कमळचा बाप खाडीत बुड्या मारून रेती काढतो. उद्या मी तिला राजाची लेक म्हननार, डोईवर मोत्याचं छत म्हननार. ते काय खोटं? बोलत ऱ्हायलं की पोरी ताठ बसतात पाटावर. तू बी बसली होतीस. म्हन ते तुझं. पुन्यांदा ऐकू दे.

तुळजा: "भिवंडी तालुक्याच्या ज्येष्ठ गायिका बायजाबाई यांना..." भेट दिली. मग तबकड्या. मग... मावशी, मला नाही आठवत. खाडीच्या पुढचं तर काहीच नाही. आणि हा उठला बघ, भूक लागली त्याला.

बायजाबाई: त्याला घे पदराखाली आन् गप बैस. तो कागद दे इकडं. मी वाचते.